माझा रंग फुगत नाही

गादीवाल्याच्या गोदामातला पहिला गर्डर असा वाकला होता, की जणू कुणीतरी त्याला "दमला असशील, टेक जरा" म्हणालं आणि तो खरंच टेकला. बाकीचे पाच गर्डर मात्र शाळेच्या रांगेत मुख्याध्यापिका समोर आल्यासारखे ताठ. आग एकच, जळलेल्या गाद्या त्याच, लोखंडही एकाच गाडीतून उतरलेलं. मग हाच का टेकला?

प्रश्न गोदामात उभ्या सगळ्यांनाच पडला होता, पण फौजदाराला तो जरा जास्तच पडला.

फौजदार म्हणजे कुणी मिशीवाला गृहस्थ नव्हे. फौजदार म्हणजे दहावीतली एक मुलगी. नाव काकाने ठेवलेलं, कारण लहानपणी पुड्यातलं एक बिस्कीट कमी झालं तरी ही घरभर सगळ्यांची बोटं हुंगत फिरायची. बिस्किटं मागे पडली, सवय राहिली. आज शाळेला सुट्टी होती, म्हणून बाबांचं डोकं खाऊन ती त्यांच्याबरोबर गोदामात आली होती आणि काळ्या पडलेल्या दाराजवळ उभी राहून एकेकाचं तोंड वाचत होती.

बाबा रंगारी. काकाही रंगारी. दोघे भाऊ कामं मिळून घ्यायचे, पण हात म्हणाल तर दोघांचे दोन टोकांना. बाबांनी रंगवलेल्या दारात बघून भांग पाडता यायचा. काकाने रंगवलेल्या छताखाली उभं राहिलं तर डोक्यावर दोन थेंब हमखास. बाबांचा ब्रश संध्याकाळी आंघोळ करून कागदात गुंडाळून झोपायचा, काकाचा ब्रश सकाळी दगड होऊन उठायचा. आणि बाबांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं, अगदी शेजारच्या पोपटालाही झालं असतं, पोपट असता तर: "माझा रंग फुगत नाही." रंगाऱ्याच्या धंद्यात यापेक्षा मोठी फुशारकी नाही. घाई केली, ओल राहिली, नीट घासलं नाही, की रंगाला फोड येतात, तो फुगतो, पोपडे सुटतात आणि रंगाऱ्याची अब्रू पोपड्यांबरोबर खाली येते. बाबांची कधीच आली नव्हती.

गादीवाल्याचं काम आलं तेव्हाच गंमत झाली होती. खाली हात वर केला की छताला लागेल असं बुटकं गोदाम, वर त्याचं ऑफिस आणि वरचा मजला पेलायला सहा लोखंडी गर्डर. त्यांना साधा रंग चालणार नव्हता, आगीत टिकणारा हवा होता. तो कसा मारायचा हे शिकवायला रंगाच्या कंपनीने एक दिवस बोलावलं. बाबा म्हणाले, "मला आता रंग मारायला शिकवणार? तू जा, तुला गरज आहे." काका गेला आणि संध्याकाळी रंगवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या नाचवत घरी आला.

"दादा, दादा, हा रंग फुगतो!"

बाबांनी पायाखाली पाल आल्यासारखं तोंड केलं होतं. "फुगतो? मग परत कर."

"अरे, तेच तर त्याचं काम..."

"माझा रंग फुगत नाही," बाबा म्हणाले. विषय तिथेच संपला. आई हसली, काका हसला, फौजदारही हसली. आता गोदामात उभं राहून तिला ते हसू आठवलं, पण हसू आलं नाही.

*

आग आदल्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लागली. पंख्याच्या वायरीत काहीतरी झालं, ठिणगी गाद्यांवर पडली. नशीब एवढंच, की माणसं सगळी बाहेर होती. गोदाम मात्र भट्टी झालं. पहिला गर्डर खाली आला तशी वरच्या ऑफिसची जमीनही वाटीसारखी खोल झाली आणि गादीवाल्याची चाकांची खुर्ची आपली आपण घरंगळत खोलीच्या मध्यभागी जाऊन बसली.

"मी त्या खुर्चीत असतो तर?" गादीवाला पुन्हा पुन्हा विचारत होता. "आगीत टिकणारा रंग म्हणालात ना? लोखंड जळतं का कधी? लोखंड!"

"जळत नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. इमारत तपासायला त्याच आल्या होत्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात पुरुषी बूट, आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. "जळत नाही, पण नरम पडतं. वितळायला खूप उष्णता लागते हो, तिथपर्यंत जायचीही गरज नसते. त्याच्या कितीतरी आधी, नुसतं मंद लाल व्हायला लागलं ना, की अर्धी ताकद गेलेली असते. वरचं ओझं मात्र तेवढंच. मग ते बसतं."

"आणि ही भिंत?" गर्डरचं टोक जिथे भिंतीत शिरत होतं तिथे तडा गेला होता. फौजदाराने बोट दाखवलं.

बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. "शाबास. तापलं की लोखंड लांबतं. एवढा लांब गर्डर चार बोटं सहज वाढतो. जागा नाही मिळाली की भिंतीला ढोसतो. आणि थंड होताना आखडतो, तेव्हा बोल्टांना खेचतो. जाताना मार, येताना मार."

"आमच्या काकाच्या ब्रशसारखा," फौजदार म्हणणार होती, पण काकाकडे पाहिलं आणि गप्प बसली. काकाचं तोंड उतरलं होतं.

बाईंनी पहिल्या गर्डरचं भिंतीलगतचं, पत्र्याआड झाकलेलं टोक मोकळं करून घेतलं. तिथे आगीची झळ पोहोचली नव्हती, रंग होता तसाच होता. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला. "किती गुळगुळीत," त्या म्हणाल्या. बाबा हसले. एवढ्या राखेत, एवढ्या काळजीत, पण हसले. त्यांना राहवलं नाही. मग बाईंनी काडेपेटीएवढं एक यंत्र रंगाला टेकवलं. यंत्र टींव करून ओरडलं. बाईंनी आकडा पाहिला, पुन्हा टेकवलं, जरा सरकवून पुन्हा. मग बाकीच्या पाच गर्डरांच्या टोकांना टेकवून आल्या.

"पाचांवर रंगाची जाडी सांगितली होती तेवढी आहे, थोडी जास्तच. पहिल्यावर तिसरा हिस्सासुद्धा नाही. हा रंग तापला की फुगून फेस होतो आणि त्या फेसाची गोधडी लोखंडाला वाचवते. पण फुगायला मुळात रंग तर हवा ना? इथे तो नाहीच." त्यांनी यंत्र खिशात टाकलं. "कुणीतरी हात मारलाय."

"हात मारलाय" म्हणजे काय ते रंगाऱ्यांना सांगावं लागत नाही. रंगाच्या थराला ते 'हात'च म्हणतात; एक हात दिला, दोन हात दिले. इथे कुणीतरी हात दिले नव्हते, मारले होते.

"खालचा रंग कुणी दिला?" गादीवाल्याने विचारलं.

"धाकट्याने," बाबा म्हणाले. "स्प्रे त्याचा. मी फक्त वरचा शेवटचा रंग दिला."

सगळ्या माना काकाकडे वळल्या.

"मी दिले," काका म्हणाला. "तिन्ही हात दिले. सहाही गर्डरांना."

"आणि चार वाजता गायब कुठे व्हायचास रोज?" बाबांनी विचारलं. हळू विचारलं, पण गोदामात भिंतींनीही ऐकलं असतं. काकाने खाली पाहिलं. पायाने राख इकडची तिकडे केली. 

फौजदाराच्या मनात पाल चुकचुकली. एक नव्हे, पालींचं अख्खं कुटुंब.

*

घरी बाबा फुगून बसले. रंग फुगत नसेल, बाबा फुगायचे. खुर्ची भिंतीकडे वळवायची, पेपर उलटा धरायचा आणि बोलायचं ते आईशी, काकाला ऐकू जाईल असं.

"सांग त्याला. सोमवारी बाई परत येणार आहेत. त्यांच्यासमोर काय केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग म्हणावं. नाही सांगितलं तर मी सांगेन. आणि मग त्याचा ब्रश वेगळा, माझा वेगळा."

"भाऊजी ऐकताहेत की इथेच," आई म्हणाली. "मी काय टपालखातं आहे?"

"वहिनी, सांगा दादाला," काका दारातून म्हणाला, "मी रंग चोरलेला नाही."

"मग चार वाजता काय आकाशात उडून जातोस?"

काका पिशवी उचलून आपल्या खोलीत गेला. दार लागलं.

सोमवारी बाबांनी तसं सांगितलं तर काय होणार, हे फौजदाराला नीट कळत होतं. ज्याच्या रंगामुळे मजला बसला त्याच्या हातात परत कुणी ब्रश देणार नाही. काकाला दुसरं काही येत नव्हतं. रंगही, खरं सांगायचं तर, अर्धाच येत होता. आणि तो निघून गेला असता, तर तिला फौजदार म्हणणारं घरात कुणी उरलं नसतं.

पण म्हणून तिने त्याला सोडलं असं नाही. उलट! संशयिताबद्दल माया वाटायला लागली की डोळे दुप्पट उघडे ठेवायचे, असा तिचा स्वतःचाच नियम होता. तिने जुळवाजुळव केली. काका चार वाजता जातो. जाताना पिशवी, फुगीर, तोंड बांधलेली. येताना डोळे लाल. आणि केस ओले. पाऊस नाही, काही नाही, केस ओले! कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की. रंगाचा डबा कुणाला नेऊन विकायचा, हात-पाय धुऊन परत यायचं, असंच असणार. लाल डोळे पश्चात्तापाचे. तिला हे इतकं पटलं की वाईट वाटायच्या आधी तिला स्वतःचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा शेवटचा तास संपताच ती काकाच्या मागावर निघाली. काका पुढे, पिशवी छातीशी धरलेली. ती मागे, दप्तर पाठीशी. तो वळला की ती सायकलच्या दुकानात टायर बघायची. टायरवाला म्हणाला, "सायकल कुठाय?" ती म्हणाली, "घेणार आहे."

काका एका निळ्या फाटकातून आत गेला. फाटकावर मासा काढला होता. आतून शिट्टीचा आवाज येत होता, लहान मुलांचं किंचाळणं आणि औषधासारखा पाण्याचा वास. फौजदाराने कुंपणाच्या जाळीला नाक लावलं.

पोहण्याचा तलाव. उथळ बाजूला सहा-सात वर्षांची पोरं थर्माकोलच्या फळ्या धरून पाय मारत होती. आणि त्यांच्या मधोमध, लाल टोपी घातलेला, फळीला जीव मुठीत धरल्यासारखा लटकलेला, तोंडातून पाण्याचं कारंजं सोडणारा तिचा काका.

"पाय! पाय मारा!" काठावरची शिकवणारी ओरडत होती. "त्या छोटीकडे बघा कशी मारते! तुम्ही काय झाडू मारताय का?"

फौजदाराच्या मनातल्या सगळ्या पाली एकदम भिंतीवरून खाली पडल्या.

काकाने तिला पाहिलं आणि एक अख्खा घोट पाणी प्यायला.

नंतर दोघं फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. काका टॉवेलने केस पुसत होता, डोळे लालभडक.

"दादाला सांगू नकोस."

"काका! बाबांना वाटतंय तू चोर आहेस! आणि तू... तू पोहतोस?"

"पोहत कुठे, बुडत नाही एवढंच. दादाने मला लहानपणी टाकीतून केस धरून वर काढलं होतं. ती गोष्ट तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. 'केस होते म्हणून वाचला, टकला असता तर गेला होता.' या वयात पोरांत उभा राहून शिकतोय म्हटल्यावर त्याला पुढची दहा वर्षं पुरेल एवढा माल मिळेल."

"चोर म्हटलेलं चालतं, हसलेलं नाही?"

काकाने विचार केला. "हो," तो म्हणाला. आणि खरंच तसंच होतं. या घरातली माणसं अशीच होती.

"शपथेवर सांग. किती हात दिलेस?"

"तिन्ही. पहिल्या गर्डरला तर जरा जाडच बसले, गादीवाला समोर उभा होता ना. संत्र्याच्या सालीसारखा झाला होता अगदी."

"संत्र्याच्या सालीसारखा?"

"हो. खडबडीत. तो रंग तसाच बसतो."

फौजदाराचे कान उभे राहिले. बाई काय म्हणाल्या होत्या? किती गुळगुळीत.

"मग तुझा रंग गेला कुठे? हवेत उडाला?"

"मला काय माहीत? चारनंतर मी पाण्यात असतो."

*

घरी दारामागे दोन टोप्या टांगलेल्या असायच्या, कामाच्या. काकाची आणि बाबांची. धुवायचं काम फौजदाराचं, आणि ते ती नेहमी पुढच्या आठवड्यावर ढकलायची. देवाने आळस उगाच दिलेला नाही, हे तिला त्या दिवशी पटलं.

काकाची टोपी तिने हातात घेतली. तिच्यावर पांढरे ठिपके होते, घट्ट चिकटलेले, नखाने न निघणारे. स्प्रेचे तुषार उडून जागच्या जागी वाळलेले. मग तिने बाबांची टोपी घेतली आणि खिडकीत नेऊन झटकली.

पांढरी भुकटी. ढगच्या ढग. बारीक, पिठासारखी, उन्हात तरंगणारी.

बाबांनी दिलेला शेवटचा रंग राखाडी होता. मग त्यांच्या टोपीत पांढरं काय करत होतं? आणि ओलं उडतं त्याचे ठिपके होतात. भुकटी होते ती वाळलेलं घासल्यावर.

तिला ती संध्याकाळ आठवली. बाबा गोदामातून आले होते, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. "अय्या, बाबा म्हातारे झाले!" म्हणून ती ओरडली होती, आईने आरसा आणला होता, बाबांनी काठी टेकत चालायची नक्कल केली होती. सगळे पोट धरून हसले होते. घासायचा नेहमीचा पॉलिश पेपर तेव्हाही त्यांच्या खिशातून डोकावत होता.

फौजदार टोपी धरून खिडकीत उभी राहिली. शोध लागल्यावर आनंद होतो असं तिला वाटायचं. तसं काही झालं नाही. तिने टोपी होती तशी दारामागे टांगली.

आणि त्यात नवी शंका. बाबांना माहीत होतं का? आपण घासलं म्हणून झालं हे माहीत असून ते काकाकडे बोट दाखवत होते? बाबा? तिने डोळे मिटून सगळं पुन्हा तपासलं. बाईंनी अंगठा फिरवला, किती गुळगुळीत म्हणाल्या, आणि बाबा हसले. ज्याला माहीत आहे तो माणूस त्या क्षणी हसणार नाही. घाम फुटेल त्याला. बाबा हसले, म्हणजे माहीत नव्हतं. त्यांनी घासलं हे त्यांच्या लक्षातही नव्हतं, जसं आपण जेवायच्या आधी हात धुतले हे कुणी सांगत बसत नाही.

तिने हा पुरावा मनात जपून ठेवला. बाबांच्या बाजूने तो एकच होता.

*

सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं नसतं. खुर्ची आणखी भिंतीकडे वळली असती, बस. म्हणून तिने काकाच्या त्या दोन पट्ट्या शोधल्या, शिकवणीतून आणलेल्या. दोन्ही काकानेच रंगवलेल्या, दोन्ही खडबडीत. एक घेऊन ती बाबांपुढे गेली.

"बाबा, शाळेत दाखवायची आहे. पण काकाचं काम बघा ना कसं आहे."

बाबांनी पेपर खाली ठेवला. पट्टी उजेडात धरली, डोळा बारीक केला. "शी! याला रंगकाम म्हणतात? आण इकडे."

खिशातून पॉलिश पेपर निघाला. बाबांचा हात गोल गोल फिरू लागला, हलका, एका लयीत. भुवया हळूहळू पांढऱ्या होत गेल्या. फौजदार समोर बसून बघत होती आणि तिला रडू येत होतं, कारण तो हात इतका सुंदर चालत होता. वर राखाडी रंगाचा पातळ हात देऊन बाबा म्हणाले, "घे. तोंड बघ आता त्यात."

रविवारी सकाळी रंग वाळल्यावर तिने सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. विटांवर दोन्ही पट्ट्या उभ्या केल्या. प्रत्येकीच्या मागे मेणबत्तीच्या मेणाने एकेक नाणं चिकटवलं. जुना रंग जाळून काढायचा ब्लो लॅम्प काकाच्या हातात दिला.

"हे काय चाललंय?" बाबांनी विचारलं.

"शाळेचं," ती म्हणाली. "बघा फक्त. काका, दोघींना सारखा जाळ दे हं. पक्षपात नको."

काकाने लॅम्प पेटवला. निळी ज्योत आधी खडबडीत पट्टीवर. रंग काळा पडला, मग त्याला जाग आल्यासारखी झाली. तो फुगायला लागला. फुगला, फुगला, बोटभर जाड फेस झाला, राखेच्या रंगाचा, कोबीच्या गड्ड्यासारखा. काकाने ज्योत बराच वेळ धरली. मागचं नाणं जागच्या जागी.

मग गुळगुळीत पट्टी. तोंड दिसणारी. रंग काळा पडला, चार-दोन बारीक फोड आले, आणि तेवढंच. थोड्याच वेळात मेण ओघळलं आणि नाणं टण्ण करून विटेवर पडलं.

 काकाने लॅम्प बंद केला. त्याने एकदा फुगलेल्या फेसाकडे पाहिलं, एकदा बाबांच्या खिशातून डोकावणाऱ्या पॉलिश पेपरकडे, आणि त्याला कळलं. फौजदाराला वाटलं आता तो ओरडेल, उड्या मारेल, दहा वर्षं पुरेल एवढा माल आता त्याच्या हातात होता. पण काका नुसता नाणं उचलायला वाकला, आणि ते गरम होतं म्हणून "आई गं" करून टाकून दिलं.

"पहिला गर्डर तुम्ही घासला होता ना बाबा?" तिने विचारलं. फौजदाराच्या आवाजात विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज लहान निघाला.

बाबा पट्टीकडे बघत होते. "दारातून तोच दिसतो," ते म्हणाले. "बाकीचे घासणार होतो. गादीवाला घाई करत होता."

आणि आत निघून गेले. खुर्ची भिंतीकडे वळल्याचा आवाज आला.

दिवसभर ते बोलले नाहीत. आईशीही नाही. काका म्हणाला, "जाऊ दे. मी सांगतो उद्या की मीच कमी मारला. मला काय, माझी अब्रू आधीच थेंबाथेंबाने गळलेली आहे." फौजदार म्हणाली, "खबरदार!" पण मनातून तिला धसका होता. बाबा उद्या काय बोलतील, हे तिला पहिल्यांदाच ओळखता येत नव्हतं.

*

सोमवारी फौजदार शाळेत गेली नाही. पोट दुखतं म्हणाली आणि ते पूर्ण खोटं नव्हतं.

गोदामात बाई पाच सरळ गर्डरांचे बोल्ट काढून घेत होत्या. "गर्डर राहू देत. तापून सरळ राहिलेलं लोखंड थंड झालं की पुन्हा कामाला येतं," त्या गादीवाल्याला सांगत होत्या. "बोल्टांचा भरवसा नाही. बाहेरून आहे तसे दिसतात, आतून नरम झालेले असू शकतात. ते सगळे बदलायचे."

फौजदाराने बाबांकडे पाहिलं. बाहेरून आहे तसे. इस्त्रीचा शर्ट, भांग सरळ.

"मग?" गादीवाला काकासमोर येऊन उभा राहिला. "रंग कुणाला विकलास? बोल की. तोंडाला कुलूप लावलंयस?"

काकाने श्वास घेतला. "मी..."

"थांब," बाबा म्हणाले.

ते वाकलेल्या गर्डरापाशी गेले. त्याच्या टोकावर, त्या गुळगुळीत जागेवर, अंगठा ठेवला.

"याने तीन हात दिले होते. पूर्ण. मी घासून काढले."

"काय?" गादीवाला.

"घासलं. पॉलिश पेपरने. याने जेवढं दिलं होतं त्यातलं बरंचसं माझ्या टोपीत गेलं."

बाईंनी हेल्मेट मागे सरकवलं. "का पण?"

बाबांनी अंगठा गर्डरवरून उचलला. 

"फुगू नये म्हणून," बाबा म्हणाले.

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. गादीवाला मात्र बराच वेळ बोलत राहिला. तो काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्याला तो हक्क होता. बाबा मान खाली घालून सगळं ऐकत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "नवा गर्डर बसू द्या. रंग हेच देतील, फुकट देतील, आणि मी जाडी मोजल्याशिवाय वरचा हात नाही. शिकवणीला कोण गेलं होतं?"

"मी," काका म्हणाला.

"मग प्रमुख तुम्ही. हे तुमच्या हाताखाली."

काकाच्या चेहऱ्यावर जे आलं ते फौजदाराने आजवर पाहिलं नव्हतं. भीती होती ती. तलावात असते तशी.

*

नवा गर्डर चढला. काकाने तोंडाला फडका बांधून तीन हात दिले, प्रत्येक हात वाळू देऊन. रंग संत्र्याच्या सालीसारखा बसला. बाबा हात पाठीमागे बांधून शेजारी उभे होते. शाळा सुटल्यावर फौजदार तिथे आली ती थेट त्यांच्यापुढे हात पसरून उभी राहिली.

"काय?"

"खिशातलं."

"काही नाही खिशात."

"बाबा."

बाबांनी पॉलिश पेपर काढून तिच्या हातावर ठेवला. ती तशीच उभी राहिली. मग त्यांनी दुसऱ्या खिशातला काढला.

त्यांचा अंगठा आपोआप गर्डरकडे गेला, खडबडीत रंगावर टेकला, आणि बाबांनी डोळे गच्च मिटले, दाताचा डॉक्टर तोंडात हात घालतो तेव्हा मिटतात तसे. "फुगेल ना रे नीट?" त्यांनी विचारलं.

"फुगेल दादा. फुगणं हेच..."

"कळलं. कळलं."

घड्याळात चार वाजून गेले होते. काकाने फडका सोडला, पिशवी उचलली, छातीशी धरली आणि दाराकडे सरकू लागला.

"एक मिनिट," बाबा म्हणाले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग काकाच्या केसांकडे, आणि त्यांचे डोळे हळूहळू बारीक झाले. "रंग तर तू विकत नव्हतास. मग रोज तुझे केस ओले का असतात रे?"

काकाने फौजदाराकडे पाहिलं. फौजदाराने छताकडे पाहिलं, आणि सहाही गर्डर पहिल्यापासून मोजायला घेतले.